भुते आणि फासे

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपुढे जाऊन आपण डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतो. ते कडू फळ म्हणजे नरकासुर, असे आपल्याला लहानपणीच सांगितलेले असते. पुढे लक्ष्मीपूजन होते आणि पाडवा येतो. त्या दिवशी रांगोळीने किंवा तांदळाने बळीचे चित्र काढतात, त्याची पूजा करतात, आणि त्याचे राज्य पुन्हा येवो असे मागणे मागतात. आता हा बळी कोण? प्रल्हादाचा नातू, विरोचनाचा मुलगा. म्हणजे तोही असुरच. एकाच सणात एका असुराला पायाखाली घ्यावे आणि दुसऱ्याच्या राज्याची इच्छा धरावी, यात काही विसंगती आहे असे फराळाच्या ताटावर बसलेल्या कुणालाही वाटत नाही. इतकेच नव्हे, तर ज्या नरकासुराला आपण चिरडतो, त्याचेही मरतेवेळचे मागणे कृष्णाने मान्य केले होते, आणि त्या मागण्यामुळेच आपण पहाटे न्हातो, असे कथा सांगते. म्हणजे मारलेल्याचेही शेवटचे बोलणे ऐकून घ्यायची आपल्याकडे रीत होती.

तेव्हा राक्षसाचे, भुताचे, एकूणच आपल्याला भिवविणाऱ्याचे करायचे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मारायचे, पुजायचे, की त्याचे म्हणणे ऐकायचे? हा प्रश्न माझ्यापुढे यंदा अगदी अनपेक्षित वाटेने आला, आणि तो सुटता सुटेना म्हणून येथे मांडतो आहे.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. दर रविवारी तो आणि त्याचे चार मित्र एका टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. या जातीच्या खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. त्यांचा मूळपुरुष 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. खेळाची रीत आपल्या नाटकमंडळ्यांना परकी वाटू नये अशी आहे. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक सोंग घेतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. सूत्रधार सांगतो, 'तुमच्यापुढे नदी आहे, तिन्हीसांज झाली आहे, पलीकडे कुणी तरी उभे आहे. आता काय करता?' मग ज्याने त्याने आपापल्या सोंगाला शोभेल असे सांगायचे. घाव बसला की चुकला हे फाशांवर ठरते. हे फासे चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे असतात. लिहिलेली संहिता नाही, प्रेक्षक नाहीत. पाच जणांनी मिळून रचलेली एक गोष्ट, एवढेच.

या गोष्टीत राक्षस लागतात, आणि राक्षसांची पुस्तके निघतात. प्रत्येक राक्षसापुढे आकडे मांडलेले असतात: तो किती घाव सोसेल, त्याचे कातडे किती कठीण, तो किती वेगाने धावेल, कोणत्या शस्त्राने मरेल. त्याला मारले की खेळणाऱ्यांना गुण मिळतात. या गुणांना त्या खेळात 'अनुभव' म्हणतात. हा शब्द वाचून मी थोडा थांबलो होतो. त्याच्याकडे पुढे वळणारच आहे.

माझ्या विद्यार्थ्याला एक जपानी भूत आपल्या खेळात आणायचे होते. तिचे नाव उबुमे. बाळंतपणात मेलेल्या बाईचे ते भूत. संध्याकाळी नदीच्या उताराशी, पावसात, रक्ताने माखलेल्या लुगड्यानिशी ती तान्हे मूल घेऊन उभी राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणते, 'एवढे माझे मूल धरा.' जो धरतो त्याच्या हातांत ते मूल जड जड होत जाते. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ साली जपानी भुतांचा जो चित्रसंग्रह काढला, त्यात ही आहे. विद्यार्थ्याने मला विचारले, 'सर, हिला बळ किती द्यावे? कोणत्या शस्त्राने मरावी? आणि हिच्यासारखीच आपल्याकडची हडळ. तिचीही माहिती द्या, म्हणजे पुढच्या रविवारी तिला आणतो.'

प्रश्न निरागस होता. तरीही मला तो पटकन उत्तर देण्यासारखा वाटला नाही.

दुसऱ्याच्या भुताला खेळात घेण्याचा प्रकार नवा नाही. आपलाच एक जण त्या खेळात पन्नास वर्षे राबतो आहे. तो म्हणजे राक्षस. 'राक्षस' याच नावाने तो डिसेंबर १९७५ मध्ये त्या खेळाच्या नियतकालिकात प्रथम आला, आणि १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या ग्रंथात पक्का झाला. तो तिथे कुठून आला? वाल्मीकीकडून नव्हे, व्यासांकडूनही नव्हे. 'कोल्चॅक: द नाइट स्टॉकर' नावाच्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या १९७४ च्या एका भागावरून गायगॅक्स यांनी तो उचलला. त्या भागात शिकागोच्या एका ज्यू वस्तीतील म्हाताऱ्यांना एक राक्षस खात असतो. ज्याला तो खाणार, त्याच्या विश्वासातल्या माणसाचे रूप तो घेतो. मंतरलेल्या बाणानेच तो मरतो. खेळातल्या राक्षसालाही हेच गुण मिळाले. त्याचे बळ सात फाशांचे ठरले. पुस्तकातल्या चित्रात वाघाच्या तोंडाचा एक गृहस्थ विलायती धाटणीचा उंची कोट घालून चिलीम ओढीत बसला आहे. पुढे २०१४ च्या आवृत्तीत त्याचे तळहात उलटे असल्याचे वर्णन आहे. जणू आमच्या हडळीचे उलटे पाय प्रवासात याच्या हातांना येऊन चिकटले!

हे वाचून मला राग आला नाही, हसूच आले. पण हसू ओसरल्यावर मनात आले, या वाघतोंड्यात आमचा राक्षस कितीसा उरला? आमच्याकडे रावण राक्षस आणि बिभीषणही राक्षसच. हिडिंबा राक्षसी, आणि ती कुंतीची सून. घटोत्कच राक्षस, पण आमच्या पोरांना तो कधी परका वाटलेला नाही, कारण तो भीमाचा मुलगा. उत्तरकांडात तर असे सांगितले आहे की, ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केले आणि त्याच्या राखणीसाठी प्राणी निर्मिले. त्यांच्यातले जे 'आम्ही राखू' म्हणाले ते राक्षस झाले. पाण्याची राखण करणारे! चिलीम ओढणाऱ्या वाघाला यातले काही ठाऊक नाही. तो मारण्यासाठी जन्मला आहे आणि मेला की गुण देतो. आमच्या राक्षसाला नातेवाईक होते. याला फक्त आकडे आहेत.

आता येथे माझा विद्यार्थी म्हणेल, आणि त्याने तसे म्हटलेही, की 'सर, गोष्टींना वेस नसते.' खरे आहे. पंचतंत्र अरबस्तानातून युरोपात गेले, त्याबद्दल आपण अभिमानच बाळगतो. आपणही दुसऱ्यांचे घेताना मागे पाहिलेले नाही. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली मुखवट्याचा एक वीर निर्माण केला, 'फँटम'. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून तो आपल्याकडे आला आणि मराठी मुलांचा 'वेताळ' झाला. वेताळ हे केवढे नाव! गोव्यात तो ग्रामदैवत आहे. सासष्टीतले बेताळभाटी हे गाव त्याच्याच नावाचे. देशावर गावाबाहेर शेंदूर लावलेल्या दगडांच्या रिंगणात तो बसतो. विक्रमाच्या खांद्यावरून पंचवीस कोडी घालणारा तोच. त्याचे नाव आपण अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या एका गोऱ्या माणसाला बिनदिक्कत देऊन टाकले, आणि त्यामुळे ना वेताळ कोपला, ना मुले बिघडली. तेव्हा 'आमचे भूत आमचे, त्याला हात लावू नका,' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही.

शिवाय जपानी लोक स्वतःच आपल्या भुतांशी भरपूर खेळलेले आहेत. एदो काळात तेथे एक बैठकीचा खेळ होता. शंभर दिवे लावून बसायचे, एकेकाने भुताची एकेक गोष्ट सांगायची आणि दर गोष्टीला एक दिवा मालवायचा. शंभरावा दिवा गेला की खरे भूत येते, अशी समजूत. म्हणून पुष्कळ जण नव्याण्णवावर थांबत. आपण दिवाळीला दिवे लावीत जातो, ते मालवीत जात. पण दोन्हीकडे अंधाराशी चाललेला खेळच. आपल्या काळात मिझुकी शिगेरू या चित्रकाराने गावोगावच्या भुतांना मुलांच्या चित्रकथांत आणले. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर डावा हात गमावून परतला होता. २०१५ साली तो वारला. त्याच्या साकाइमिनातो या गावी रस्त्याच्या कडेने भुतांचे दीडशेवर कांस्यपुतळे आहेत, आणि लोक पोराबाळांसह ते पाहायला जातात.

मग खेळायला हरकत नाही, असेच ना? खेळायला हरकत नाहीच. माझा प्रश्न वेगळा आहे. भूत खेळात आले तर येवो. पण तो खेळ आपल्याला त्याच्याशी काय करायला लावतो?

लोककथांतल्या भुतांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांनाही नियम असतात, खेळात असतात तितकेच काटेकोर. पण ते नियम मारण्याचे नसतात. जपानी नद्यांत काप्पा नावाचे एक भूत राहते. त्याच्या डोक्यावरच्या खळग्यात पाणी असते आणि त्या पाण्यात त्याची शक्ती. त्याला वाकून नमस्कार करावा. तो इतका रीतीभातीचा की उलट वाकून नमस्कार करतो, पाणी सांडते आणि तो दुबळा होतो. आमच्या शेजारी कर्नाटकात १९९० च्या दशकात रात्री दार वाजविणाऱ्या भुताची भुमका उठली होती. लोकांनी दारांवर 'नाळे बा' असे लिहिले, म्हणजे 'उद्या ये'. भूत ते वाचते, परत जाते, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचते! वेताळाला उत्तर द्यावे लागते. आसरांना ओटी द्यावी लागते. म्हणजे नमस्कार, विनवणी, कोड्याचे उत्तर, खणनारळ, ही सारी शेजाऱ्याशी वागायची साधने आहेत. शेजारी तापट आहे, त्याची भीती वाटते, पण तो शेजारी आहे. आणि शेजाऱ्याला मारून गुण मिळत नाहीत.

खेळाच्या पुस्तकात भूत आले की पहिल्याने जाते ते हे नाते. माझ्या मते तेथे जी हानी होते ती श्रद्धेची नव्हे. श्रद्धा गेली तर जाऊ दे. मी शाळामास्तर आहे. वर्गात मुलांना भुते नसतात असेच सांगतो, आणि सांगत राहणार. पण भूत नव्हते म्हणजे त्याच्यामागे कुणीच नव्हते, असे होत नाही.

आपल्या मराठी भुतांची यादी करून पाहा. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा तो मुंजा. बाळंतपणात गेलेली ती अळवंतीण किंवा हडळ. नवरा असताना गेलेली ती जखीण. विधवा मेली की लावसट. गावोगाव नावे थोडी इकडची तिकडे होतात, पण तत्त्व एकच. ही यादी श्वापदांची नाही. ज्यांचे आयुष्य मध्येच तुटले, ज्यांचे काही राहून गेले, त्यांची ही यादी आहे. आणि तीत बायका किती आहेत हे मोजावे. गावाला ज्यांच्याविषयी मनातून खात होते, त्यांनाच गावाने भुते केले.

या याद्या आपल्याकडे आल्या कशा, तेही सांगण्यासारखे आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली, तो लोकसमजुतींची टिपणे जमवीत असे. त्याच्यामागे एन्थोवेन या अधिकाऱ्याने ती छापली. त्यातला कोकणचा भाग १९१५ साली निघाला. त्यातली पुष्कळशी माहिती खेड्यापाड्यांतल्या मास्तरांनी लिहून पाठविलेली होती. तळटीपांत माहिती देणाऱ्याचे नाव नाही; फक्त 'स्कूल मास्टर' आणि गावाचे नाव. राज्यकर्त्याने विचारले, 'तुमच्या गावात कोणती भुते आहेत?' आणि मास्तरांनी इमानेइतबारे यादी दिली. शंभर वर्षांनी माझा विद्यार्थी मला तेच विचारीत होता. तेव्हा निदान मी तरी यादीच्या पुढे काही लिहावे, असे वाटले.

मी जे लिहिले त्याला एक घरगुती कारणही होते. आमचे मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीलगत. येथे एकाच कट्ट्यावर मराठी आणि कानडी दोन्ही चालतात. कानडीत देवाला 'देवरु' म्हणतात आणि भुताला 'देव्व'. दोन शब्दांत अंतर किती थोडे! आमच्या आजीच्या तोंडी दोन्ही भाषा होत्या. आजीची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. मूलही गेले. त्यानंतर कित्येक वर्षे घरातल्या बायका तिन्हीसांजेला मळ्यातल्या विहिरीकडे जात नसत. 'ती' तेथे उभी असते म्हणत. आम्ही पोरे 'देव्व' म्हणून तिच्या नावाने एकमेकांना भिववीत असू. तिच्या नावाने म्हटले खरे, पण तिचे नाव आम्हांला ठाऊकच नव्हते. पुढे मी मोठा झाल्यावर घरातल्या एकेका म्हाताऱ्या माणसाला विचारले. तिचे उलटे पाय सर्वांना आठवत होते, मोकळे केस आठवत होते, कुणाला कधी दिसली तेही आठवत होते. नाव कुणालाच सांगता आले नाही. आजी तोवर गेली होती.

सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी कळा सोसत दोन दिवस पडून राहिली आणि मेली. तिचे सगळे पुसले गेले, भीती तेवढी उरली. भूत म्हणजे काय, असे मला कुणी विचारले तर मी हेच सांगेन: ज्या माणसाचे नाव विसरले गेले आणि भीती विसरली गेली नाही, ते भूत.

आणि त्या भीतीने काय काय केले! बाळंतीण मेली तर ती परत येऊ नये म्हणून तिच्या प्रेताच्या पायांत खिळे ठोकीत, स्मशानापासून घरापर्यंत राळे पेरीत जात, म्हणजे दाणे वेचता वेचता तिची पहाट व्हावी. अशा जुन्या नोंदी आहेत. जिवंतपणी जिच्यासाठी सुईण वेळेवर आणली नाही, ती मेल्यावर तिच्यासाठी एवढी तयारी! म्हणून भुतांना जपा, त्यांना वंदा, असे मी म्हणणार नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. या गोष्टी विसरून लोकसंस्कृतीच्या कौतुकात रमणे मला शक्य नाही. हडळ गेली ती देवऋष्याच्या झाडूने गेली नाही. ती दवाखान्याने गेली, नर्सबाईने गेली, रात्री-अपरात्री येणाऱ्या रुग्णवाहिकेने गेली. २०१८ ते २०२० या काळाच्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. साऱ्या देशाचा आकडा ९७ होता. या ३३ मधली एकही हडळ होत नाही, एवढे आपण सुधारलो. पण त्या ३३ आहेत.

म्हणून विद्यार्थ्याला मी जे उत्तर लिहिले त्यात बळाचा आकडा नव्हता. प्रथम उबुमेची जुनी गोष्ट लिहिली. सुमारे बाराव्या शतकातल्या 'कोन्जाकु मोनोगातारी' या कथासंग्रहात ती आहे. सुएताके नावाचा योद्धा सोबत्यांशी पैज लावून रात्री ती नदी ओलांडायला जातो. बाई येते, मूल धरायला सांगते. तो ते घेतो. मग ती परत मागते, तर हा देत नाही. तसाच घेऊन जातो. घरी येऊन अस्तनी उघडतो, तो आत नुसती पाने. सोबती त्याच्या धैर्याची वाहवा करतात. मी लिहिले, 'बघ, तुमचा खेळ आठ-नऊशे वर्षांपूर्वीही चालू होता. पैज होती, धाडस होते, वाहवा होती. त्या बाईचे काय झाले, हे त्या बैठकीत कुणी विचारले नाही. पण पुढे लोकांनीच ही गोष्ट बदलली. नंतरच्या कथांत जो मूल टाकून न देता शेवटपर्यंत धरून ठेवतो, त्या माणसाच्या अंगी मोठे बळ येते. योद्ध्यांच्या बैठकीला जे सुचले नाही ते गावकऱ्यांना सुचले. तुला यातली कोणती गोष्ट खेळायची ते तू ठरव.'

त्याच्या मनात ते बसले असावे. त्याने मग स्वतःच नियम केले. तलवार तिच्या अंगातून आरपार जाईल आणि काही होणार नाही. मूल घेतले तर प्रत्येक खेपेला त्याचे वजन वाढेल, आणि धरणाऱ्याने दर खेपेला फासा टाकायचा. दुसऱ्याने पुढे येऊन हात लावला तर भार वाटला जाईल. तिला तिचे नाव विचारले तर ती थांबेल; ते नाव गावात जाऊन शोधून आणले तर ती जाईल. त्याने मला एकच शंका विचारली: 'सर, इथे कुणी मरतच नाही. मग गुण कशाचे द्यायचे?'

मी लिहिले, 'मारल्याच्या गुणांना तुम्ही अनुभव म्हणता. मला वाटते, ज्याने मूल शेवटपर्यंत धरले त्याला तो शब्द अधिक शोभेल.'

त्या रविवारी काय झाले ते त्याने कळविले. एका गड्याने सवयीने पहिला घाव घातलाच. तो फुकट गेल्यावर त्याचा विरस झाला, आणि 'हा काय खेळ,' म्हणून तो अर्धा तास रुसून बसला. मूल तिघांनी मिळून धरले. नाव शोधायला गेलेल्याला गावात दार कुणी उघडेना. तेथेच पुष्कळ वेळ गेला. खेळ फार रंगला, असे त्याने लिहिलेले नाही. लांबला, असे लिहिले आहे. एवढ्या एका रविवारने जगात काही बदलते, असा माझा दावा नाही. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा एखादा पंखवाला सर्प मारला असेल, आणि मारावा. चार तरुण दिवसभर कचेरीत मान मोडून आल्यावर त्यांना सर्प मारायची हौस असणारच.

मला एवढेच म्हणायचे आहे की, काही राक्षस मारण्यासाठी असतात आणि काही ऐकण्यासाठी, आणि दोहोंतला फरक ओळखणे हे शहाणपणाचे काम आहे. जो बळाने माजला, ज्याने दुसऱ्यांना कोंडले, त्याला पायाखाली घ्यावे. त्याच्याशी नमस्कारचमत्कार करीत बसू नये. पण जो दुबळेपणी मेला आणि आपल्या कुणाच्या तरी हयगयीमुळे मेला, त्याला पुन्हा मारणे हा पराक्रम नव्हे. उलट्या पायांची बाई पहिल्या जातीची नाही. तिला आकडे देऊन टेबलावर उभी केली आणि तिघांनी मिळून मारली, तर भूत मेले असे कुणी समजू नये. तिला तिच्या घरच्यांनी एकदा मारले होते, ते काम आपण पुढे चालविले, एवढेच.

उबुमे आणि हडळ यांच्यात समुद्राचे अंतर आहे. भाषा वेगळी, लुगडे वेगळे. पण जपानी आईच्या कळा आणि मैंदर्गीच्या आईच्या कळा यांत काय फरक असणार? म्हणून दुसऱ्याचे भूत घ्यावे की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर असे: घ्यावे, पण नुसते पाय आणि केस घेऊन येऊ नये; तिच्या हातातले मूलही घ्यावे. जो दुसऱ्याच्या भुताचे दुःख ओळखतो, त्याला आपल्या विहिरीवरची बाई कोण होती हे विचारावेसे वाटेल.

सुटीत घरे भरलेली आहेत. रात्री जेवणे झाल्यावर अंगणात मुले गोळा होतील आणि भुताची गोष्ट मागतील. ती अवश्य सांगावी. भिववायलाही हरकत नाही. थोडे भिण्यात मुलांना सुख असते. पण गोष्ट संपताना एखाद्या मुलीने विचारले, की ती भूत होण्याआधी कोण होती, तिचे नाव काय होते, तर 'गप्प झोप' म्हणू नये. ठाऊक असेल तर सांगावे. नसेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला, ते आहेत तोवर, विचारून ठेवावे.